कंपनीने हात वर केल्यावर

१. भंगारात द्यायचा का?

लॅपटॉप चालू होतो, पडदा शाबूत आहे, बटणे सगळी चालतात, बॅटरीही तास-दोन तास तग धरते. तरीही पडद्यावर निरोप येतो की या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही. विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, तेव्हापासून असा निरोप पाहिलेले लोक एकच गोष्ट विचारतात : हा आता भंगारात द्यायचा, की कंपनी नाही म्हणत असली तरी यावर दुसरी एखादी सिस्टिम टाकता येते? दुकानात विचारावे तर दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, ‘यात आता काही राहिलं नाही, नवा घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘द्या इकडे, तासाभरात विंडोज ११ टाकून देतो.’ दोघेही खोटे बोलत नसतात, पण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलेली असते. सिस्टिम टाकता येईल का, हे कळणे तुलनेने सोपे आहे. ती टाकल्यावर पुढची चार-पाच वर्षे तिच्यातल्या चुका कोण दुरुस्त करत राहणार, हे आधी विचारायला हवे. आणि त्याचे उत्तर लॅपटॉपच्या झाकणावर कोणत्या कंपनीचे नाव आहे यावरून मिळत नाही, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

हे समजून घेण्यासाठी एका ठरावीक जातीचा लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवू. २०१४ ते २०१७च्या सुमारास छोटे, पंखा नसलेले, अतिशय स्वस्त लॅपटॉप बाजारात आले. मुंबईच्या आयबॉल कंपनीने मे २०१६मध्ये आणलेला ११.६ इंची कॉम्पबुक हा त्यांतला आपल्याकडचा ओळखीचा नमुना. किंमत ९,९९९ रुपये, इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ हा प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि सोबत विंडोज १०. इंटेलच्या ‘बे ट्रेल’ या पिढीतला हा प्रोसेसर जगभरच्या अनेक स्वस्त यंत्रांत बसवला गेला. मुलांचा अभ्यास, टायपिंग, ईमेल, थोडेफार यूट्यूब एवढ्यासाठी ही यंत्रे घेतली गेली, आणि तेवढ्या कामाला ती आजही शारीरिकदृष्ट्या ठीक आहेत. मात्र यांची रॅम आणि साठवण दोन्ही मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असतात, म्हणजे दुकानात नेऊन रॅम वाढवण्याची सोय नाही. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. कागदावरच हे यंत्र दोन विषयांत नापास आहे.

२. न जमणे आणि न करणे

कंपनीचा नकार दरवेळी एकाच कारणाने येत नाही. काही नकार तांत्रिक अशक्यतेतून येतात, काही धोरणातून. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरची यादीच जाहीर केली. इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत. शिवाय टीपीएम २.० नावाची सोय हवी. ती यंत्रातल्या गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवण्याचे काम करते. आता सातव्या पिढीचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या मानाने इतका दुबळा नव्हता की त्यावर विंडोज ११ चालूच नये. ती चालते, हे असंख्य लोकांनी पडताळून पाहिले आहे. तपासणी टाळून इन्स्टॉल करण्याच्या युक्त्या सर्रास वापरल्या जातात. सुरक्षितता आणि स्थैर्य ही मायक्रोसॉफ्टने दिलेली कारणे पोकळ नाहीत, पण हा नकार ‘आम्ही जबाबदारी घेणार नाही’ या जातीचा आहे.

दुसऱ्या जातीचा नकार २०२४मध्ये दिसला. त्या वर्षीच्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ नावाची सूचना असणे भाग झाले. ही सूचना करते काय, ते एका छोट्या उदाहरणात पाहू. संगणक १३ हा आकडा १ आणि ० यांच्या रूपात ११०१ असा लिहितो. त्यात १ किती वेळा आला? तीन वेळा. ‘पॉपकाउंट’ दिली की प्रोसेसर एका दमात ३ हे उत्तर देतो. इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरमध्ये किंवा २००८च्या पहिल्या ॲटममध्ये ही सूचनाच नाही. हेच काम अनेक साध्या सूचनांनी करता येते, पण प्रोग्राम बनवताना ‘ही सूचना आहेच’ असे गृहीत धरले असेल, तर तिथे आल्यावर जुना प्रोसेसर अडतो आणि सिस्टिम सुरूच होत नाही. इथे कोणतीही युक्ती उपयोगाची नाही. लिनक्स या खुल्या सिस्टिमच्या जगातही असे घडते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सची २०२२मधली नववी आवृत्ती हीच सूचना असलेला प्रोसेसर मागते. फरक इतकाच की लिनक्सच्या इतर पुष्कळ आवृत्त्या ती मागत नाहीत, म्हणून निवडीला वाव राहतो.

आपल्या बे ट्रेल लॅपटॉपकडे पॉपकाउंट आहे. तो ६४-बिटही आहे. म्हणजे निव्वळ प्रोसेसरच्या अंगाने पाहिले तर विंडोज ११ला तो पूर्ण परका नाही. अडते दुसरीकडेच, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे.

३. पेनड्राइव्ह दिसतच नाही

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर सर्वात आधी विंडोज किंवा लिनक्स जागे होत नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम आधी चालतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुने लोक सवयीने बायोस म्हणतात, नव्या पद्धतीला यूईएफआय असे नाव आहे. तो रॅम, पडदा, कीबोर्ड चाचपून पाहतो आणि मग डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची एक फाइल शोधतो. त्या फाइलमधला प्रोग्राम पुढे ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो. फर्मवेअर ३२-बिट असेल तर तो ‘बूट-आयए-३२’ हे नाव शोधतो, ६४-बिट असेल तर ‘बूट-एक्स-६४’.

बे ट्रेलच्या या स्वस्त वर्गात बहुतेक यंत्रांचा प्रोसेसर ६४-बिट आहे, पण फर्मवेअर ३२-बिट. यंत्र बनवणाऱ्यांनी त्यात ३२-बिट विंडोज घालून विकायचे ठरवले होते, कारण ती कमी रॅम आणि कमी जागा घेते. विंडोजचा नियम असा की फर्मवेअर आणि सिस्टिम एकाच बिटची हवीत. म्हणून यांवर आयुष्यभर ३२-बिट विंडोजच चालली. आणि विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच निघाली नाही. रॅमची अट टाळता येईल, टीपीएमची टाळता येईल, पण इथे वाट संपते.

लिनक्सचे सर्वसाधारण पेनड्राइव्ह करून लावले तरी बऱ्याचदा निराशा होते, आणि ती मुकाट होते. एफ१२ किंवा एस्केप दाबून बूटची यादी उघडावी तर पेनड्राइव्हचे नावच तिथे नसते. कसलीही चूक दाखवली जात नाही. पेनड्राइव्ह खराब आहे असे समजून लोक दुसरा आणतात, तिसरा आणतात. प्रत्यक्षात फर्मवेअरने पेनड्राइव्ह वाचलेला असतो. त्याला हवी ती ‘आयए-३२’ नावाची फाइल सापडलेली नसते, म्हणून त्याने तो गाळलेला असतो. ती फाइल असलेले पेनड्राइव्ह लावले की नाव लगेच यादीत येते.

पण ३२-बिट फर्मवेअरने ६४-बिट सिस्टिम उठवायची, तर सिस्टिमच्या गाभ्यालाही दोन्ही बाजूंशी बोलता यायला हवे. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, हे २०१४मध्ये ३.१५ या आवृत्तीत शिकवले गेले. डेबियन या लिनक्सच्या जुन्या आणि भरवशाच्या वितरणाने २०१५च्या आठव्या आवृत्तीत अशा मिश्र यंत्रांवर इन्स्टॉल होण्याची सोय केली. हे काम यंत्र विकणाऱ्या कंपन्यांनी मागितलेले नव्हते; त्यांच्या लेखी या लॅपटॉपवर फक्त विंडोज होती. तरीही ज्यांना ते हवे होते त्यांनी ते केले, आणि ते सर्वांसाठी खुले राहिले. ‘सपोर्ट नाही’ हे वाक्य किती अपुरे असते ते इथे दिसते. विकणाऱ्याचा आधार नव्हता, पण आधार होता.

४. नकाशा कोणाकडे आहे?

सिस्टिम उठली म्हणजे काम झाले असे नाही. पडदा, वायफाय, आवाज, टचपॅड या प्रत्येक चिपशी कसे बोलायचे हे सिस्टिमला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या वाड्याचे वायरिंग एकाच वायरमनने केले आहे असे समजा. कोणती वायर कुठून गेली ते फक्त त्याला ठाऊक, कागदावर काही नाही. तो आहे तोवर सगळे ठीक. तो गाव सोडून गेला की नव्या माणसाला भिंती फोडून एकेक वायर तपासावी लागते. नकाशा काढून ठेवलेला असेल तर मात्र कोणताही हुशार वायरमन काम पुढे नेतो. ड्रायव्हरचे तसेच आहे. चिपची माहिती आणि ड्रायव्हरचा मजकूर खुला असेल तर मूळ कंपनी निघून गेली तरी काम चालू राहते. बंदिस्त असेल तर कंपनीबरोबर ते संपते.

याचा सर्वात स्वच्छ पुरावा इंटेलच्याच दोन पिढ्यांत मिळतो. २०१२मध्ये आलेल्या ‘क्लोव्हर ट्रेल’ ॲटममध्ये ग्राफिक्सचा भाग इंटेलचा स्वतःचा नव्हता. तो इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीच्या पॉवरव्हीआर रचनेवर आधारलेला होता आणि त्याचा ड्रायव्हर बंदिस्त होता. विंडोज ८ घेऊन आलेली ही छोटी यंत्रे पुढे विंडोज १०वर गेली. २०१७मध्ये विंडोज १०ची नवी आवृत्ती आली आणि या यंत्रांनी ती घ्यायला नकार दिला. नव्या आवृत्तीला ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर हवा होता, आणि तो देणारे कोणी नव्हते. मायक्रोसॉफ्टने यंत्रे २०१६च्या आवृत्तीवरच थांबवली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी २०२३पर्यंत देण्याचे कबूल केले. अधिकृत यंत्र, अधिकृत विंडोज, पैसे मोजून घेतलेले. तरी एका तिसऱ्या कंपनीच्या चिपमुळे पाच वर्षांत रस्ता बंद. आणि लिनक्सही इथे वाचवू शकले नाही. त्या ग्राफिक्ससाठी पूर्ण खुला ड्रायव्हर कधी तयारच झाला नाही.

क्लोव्हर ट्रेलच्या पुढच्याच वर्षी, २०१३मध्ये, बे ट्रेल आले. यात इंटेलने स्वतःचे ग्राफिक्स घातले, ज्याचा लिनक्स ड्रायव्हर खुला होता आणि मोठ्या लॅपटॉपांसाठी आधीपासून सांभाळला जात होता. किंमत आणि आकार यांत दोन्ही पिढ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर नव्हते. पण एकीला आज धड चालवणारी सिस्टिम सापडणे कठीण, आणि दुसरीवर आजचे लिनक्स नीट दिसते. २००८-०९मधल्या जीएमए ५०० ग्राफिक्सचीही क्लोव्हर ट्रेलसारखीच कथा. सोनीच्या व्हायो पी किंवा एसरच्या ॲस्पायर वन ७५१एच या सुबक यंत्रांना त्याने वर्षानुवर्षे छळले. पुढे खुला ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला, पण तोही साधे चित्र दाखवण्यापुरता. वेगवान ग्राफिक्स त्याला आजही जमत नाही. म्हणून जुना लॅपटॉप समोर आला की प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा हे विचारण्याआधी ग्राफिक्सची चिप कोणाची, हे पाहावे असे मला ठामपणे वाटते. छोट्या यंत्राचे उरलेले आयुष्य तीच ठरवते.

बे ट्रेलवर सारे पहिल्या दिवसापासून गोड होते असे मात्र नाही. या यंत्रांवर लिनक्स मध्येच पूर्ण गोठायचे. बटण दाबून बंद करण्यावाचून उपाय नसे. प्रोसेसर काम नसताना वीज वाचवण्यासाठी टप्प्याटप्प्याने विश्रांती घेतो; सर्वात गाढ टप्प्यात गेल्यावर घोटाळा होत होता. सुरुवातीचा उपाय म्हणजे बूट करतानाच ‘गाढ विश्रांती घेऊ नकोस’ अशी एक ओळ कर्नेलला देणे. यंत्र गोठायचे थांबे, पण बॅटरी लवकर संपे. कारण शोधून दुरुस्ती व्हायला बराच काळ गेला. यांतल्या अनेक यंत्रांत असलेल्या रिअलटेक ८७२३बीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला तो २०१७मध्ये. तोवर लोक तो वेगळा मिळवून हाताने बसवत. बॅटरीचा आकडा, आवाज, टचस्क्रीन अशा बारीकसारीक गोष्टी एकेका मॉडेलसाठी सुधारण्यात हान्स द खुदे या नेदरलँडच्या प्रोग्रामरचा वाटा मोठा आहे. २०१५मध्ये ज्या यंत्रावर लिनक्स टाकून लोक वैतागले, त्याच यंत्रावर काही वर्षांनी ते शांतपणे चालू लागले. यंत्र जुने होत गेले तसा आधार वाढत गेला. दुकानातल्या हिशेबाला ही गोष्ट उलटी वाटते, पण खुल्या ड्रायव्हरच्या बाबतीत ती नेहमीची आहे.

५. उठली, पण टिकली नाही

याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण म्हणजे डेलचा इन्स्पिरॉन मिनी ९. सप्टेंबर २००८मध्ये आलेला हा ८.९ इंची लॅपटॉप विंडोज एक्सपी किंवा उबंटू लिनक्स घालून मिळत असे. पण त्याची कीर्ती झाली ती तिसऱ्याच कारणाने : त्यावर ॲपलची मॅक ओएस एक्स जवळजवळ सगळ्या सोयींसह चालते, हे लोकांनी शोधून काढले. ॲपलच्या परवान्यात ती फक्त ॲपलच्या यंत्रावर वापरण्याची मुभा आहे, म्हणजे नियमाने हे बसत नव्हते. तरी ॲपलकडे नसलेला नऊ इंची मॅक इतक्या स्वस्तात हातात येत होता, म्हणून पुष्कळांनी तो केला.

मग नोव्हेंबर २००९मध्ये १०.६.२ ही दुरुस्ती आली. तीत ॲटम प्रोसेसरवर चालण्याची क्षमता गेली. ॲपलने ॲटमचा मॅक कधी विकलाच नव्हता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? ज्यांनी नेहमीप्रमाणे अपडेटचे बटण दाबले त्यांचे यंत्र उठेना. काही कुशल लोकांनी बदललेला गाभा बनवून काम चालवले, पण प्रत्येक नव्या दुरुस्तीला पुन्हा तोच खटाटोप. २०११ची पुढची आवृत्ती ६४-बिट प्रोसेसर मागत होती, आणि मिनी ९चा ॲटम एन२७० होता ३२-बिट. तिथे विषय संपला. त्याच यंत्रासाठी डेबियनची २०२३मध्ये आलेली बारावी आवृत्ती ३२-बिट इन्स्टॉलरसह मिळत होती. ऑगस्ट २०२५च्या तेराव्या आवृत्तीत डेबियननेही ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला, म्हणजे तिथेही अंत आहेच. पण तो सतरा वर्षांनी, आणि आधी सांगून.

तपासणी टाळून टाकलेली विंडोज ११ मला या मिनी ९च्या मॅकसारखी वाटते, आणि म्हणून तिची शिफारस करवत नाही. मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते की अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. ते आज मिळत असतील, पण ती सवलत आहे. २४एच२ने दाखवले की पुढची आवृत्ती एखादी नवी सूचना मागू शकते, आणि त्या दिवशी युक्ती शिकवणारा दुकानदार काही करू शकत नाही. हौसेसाठी जरूर करावे. ज्यावर मुलाची परीक्षा किंवा घरचे बँकेचे व्यवहार अवलंबून आहेत, त्या एकुलत्या एका यंत्रावर करू नये.

६. हातात घेतल्यावर

आता प्रत्यक्ष काम. सर्वात आधी फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्याव्यात. फॉरमॅट मारल्यावर हळहळून उपयोग नाही. विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी, कारण फर्मवेअरमधली सिक्युअर बूटची सेटिंग बदलताच विंडोज ती की मागते. परतीची वाट ठेवायची असेल तर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवावा. विंडोज ८च्या काळापासून लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची परवाना-की सहसा फर्मवेअरमध्येच साठवलेली असते, त्यामुळे पुढेमागे तीच विंडोज पुन्हा टाकली तर ती आपोआप ओळखली जाते.

मग लिनक्सचे ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह बनवावे. लाइव्ह म्हणजे लॅपटॉपमध्ये काहीही न टाकता पेनड्राइव्हवरूनच सिस्टिम चालवून पाहणे. या टप्प्यावर घाई करू नये. वायफाय जोडून पाहावे, गाणे लावावे, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का पाहावे, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडावे. झाकण उघडल्यावर यंत्र परत जागे होत नसेल तर रोजच्या वापरात ते डोकेदुखी ठरेल. पेनड्राइव्हवर सगळे हळू चालेल, त्याकडे दुर्लक्ष करावे. काय चालते आणि काय मुळीच चालत नाही एवढेच इथे पाहायचे आहे.

जागेचा हिशेब छोट्या यंत्रात आधीच करावा. ३२ जीबी म्हणून विकलेली साठवण ३२ अब्ज बाइट असते. संगणक १ जीबी मोजताना १०२४ तीनदा गुणतो, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइट. भागाकार केला की पडद्यावर दिसतात सुमारे २९.८. विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती सुरुवातीला १६ जीबी मागत होती. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या यंत्रांसाठी किमान साठवण ३२ जीबी केली. या लॅपटॉपांवर अपडेट करताना दरवेळी ‘जागा नाही’ अशी रड का होत असे, ते या आकड्यांवरून कळते. याउलट डेस्कटॉपसह डेबियन १२साठी किमान १० जीबी साठवण आणि २ जीबी रॅम सुचवलेली आहे. म्हणजे साठवणीत १९-२० जीबी स्वतःसाठी उरतात. रॅम मात्र काठावर आहे, म्हणून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप निवडावा आणि ‘झेडरॅम’ चालू करावे. झेडरॅम रॅममधला न वापरात असलेला मजकूर दाबून लहान करते, त्यामुळे २ जीबीत थोडे जास्त मावते. तरीही ब्राउझर सर्वात खादाड राहणारच. टॅब मोजकेच उघडे ठेवण्याची सवय लावावी लागते. याला पर्याय नाही.

मराठीची सोय वेगळी शोधावी लागत नाही. देवनागरीचा लोहित हा खुला फाँट लिनक्सवर सहज मिळतो, आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडला की युनिकोड टायपिंग सुरू होते. श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या प्रोग्राममध्ये जुन्या फाँटात टाइप केलेल्या फायली मात्र इथे नुसत्या उघडून वाचता येणार नाहीत. त्या विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

७. पण...

यावर काही आक्षेप रास्त आहेत. पहिला : लिनक्स सांभाळणारे उद्या काम सोडून गेले तर? त्यांनी कुठे करार केला आहे? खरे आहे, तुमच्याशी कोणाचाच करार नाही. पण क्लोव्हर ट्रेलच्या ग्राहकांना करार असलेल्या कंपन्यांनीही तारले नाही. खुल्या कामात एक माणूस गेला तर त्याचा नकाशा मागे राहतो, आणि दुसऱ्याला ते उचलता येते. शिवाय लिनक्स बरेचसे पगारी लोक लिहितात. इंटेल, रेड हॅट, गूगल यांच्यासारख्या कंपन्या आपल्या गरजेपोटी त्यांना पगार देतात, आणि तेच कर्नेल तुमच्या लॅपटॉपवर येते. शाश्वती तिथेही नाही, २०१३च्या ३.८ आवृत्तीत कर्नेलने ३८६ प्रोसेसर सोडून दिलाच. पण तो प्रोसेसर १९८५चा होता.

दुसरा आक्षेप कामाचा आहे, आणि तो मला सर्वात वजनदार वाटतो. टॅलीसारखा विंडोजसाठीच बनलेला हिशेबाचा प्रोग्राम, डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, ऑफिसने सक्तीचा केलेला एखादा परीक्षेचा किंवा हजेरीचा प्रोग्राम यांपैकी काही या यंत्रावर लागत असेल तर लिनक्सचा हट्ट धरू नये. टोकनाचे काही प्रकार लिनक्सवर चालतात, पण नेमके आपले चालते की नाही हे लाइव्ह पेनड्राइव्हवर पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या सुरक्षा-दुरुस्त्यांची वर्षभराची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर केली आहे. तेवढ्या वेळात दुसऱ्या यंत्राची तजवीज करावी.

तिसरा आक्षेप असा की यंत्र जुनेच आहे, नेटवर फारसे जायचे नाही, मग दुरुस्त्या हव्यात कशाला? नेट पूर्ण तोडून, पेनड्राइव्हही जपून वापरत, फक्त टायपिंगसाठी किंवा साठवलेले चित्रपट पाहण्यासाठी ठेवायचे असेल तर हे म्हणणे मान्य आहे, आणि क्लोव्हर ट्रेलच्या यंत्रांचा तोच एक उपयोग उरला आहे. पण ‘फारसे’ या शब्दाखाली घरोघरी बँक, ईमेल आणि वीजबिल येते. दुरुस्त्या थांबलेल्या यंत्राचे वायफाय एकदा चालू राहिले की ते कोणीतरी वापरतेच. म्हणून असे यंत्र मुलांच्या किंवा आजोबांच्या हाती देण्याआधी सेव्ह केलेले पासवर्ड पुसावेत, ब्राउझरमधून लॉगआउट करावे आणि फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन, सोय असेल तर, वायफाय तिथूनच बंद करावे.